जाकीट वाळतंय

काडेपेटीएवढं यंत्र
लाल जाकिटाच्या छातीवरच्या खिशात शिवलेलं.
सकाळी सहाला मुलीच्या अंगात घालायचं,
रात्री दहाला काढायचं.
मधे घर बोलेल ते बोलेल,
आपण फक्त मोजायचं.

मुलीचं नाव रायेन. वय बावीस महिने.
चिलोए बेटावर खांबांवर उभं घर,
भरतीला खाली पाणी, ओहोटीला चिखल.
आई सॅमनचे काटे काढायच्या कारखान्यात, दुपारपाळीला.
बाप शिंपल्यांच्या दोरांवर, आठवडा आठवडा पाण्यात.
घरी आजोबा. रोसामेल.
आणि मी सान्तियागोत, चौथ्या मजल्यावर,
कानांवर हेडफोन, समोर चौदा रकाने.

सोळा तासांत मोठ्यांचे शब्द नऊशे बारा.
आलेखाच्या तळाशी, रेघेच्याही खाली एक ठिपका.
शेजारी आपोआप उमटलं :
भाषिक वातावरण क्षीण.

मग मी ऐकायला बसले.
लाकूड फोडलं जातंय.
बटाटा सोलला जातोय, सालीचा एकच लांब आवाज, न तुटता.
म्हातारा म्हणतो, हं.
मुलगी काहीतरी उचलून देते.
पुन्हा हं. हे वेगळं, गरम आहे, लांब हो.
दुपारपर्यंत मला तिसरंही ओळखता आलं,
लांबलेलं, खाली उतरत जाणारं :
बघितलं गं मी.
यंत्राच्या लेखी हं हा शब्द नाही.
ती मात्र प्रत्येकाला उत्तर देत होती.

नवव्या तासाला धप्पकन आवाज,
पाण्याचा,
क्षणभर काहीच नाही,
मग हसू. आधी म्हाताऱ्याचं.
मग पावलं, चुलीचं झाकण,
आणि एकदम माझ्या कानाशी त्याचा श्वास :

"कोण आहेस ठाऊक नाही. बाई असशील नाहीतर बुवा.
पोर डबक्यात बसली. लागलं नाही.
जाकिटाचा घेर भिजलाय, चुलीवर वाळत घातलंय.
आम्ही चाललो ओहोटीला, शिंपले काढायला.
तू इथे एकटी पडशील
म्हणून सांगून जातोय."

दार.

त्यानंतर चार तास किटली.
पत्र्यावर पाऊस, थांबला, परत आला.
पुढे सरकवता आलं असतं, सगळे सरकवतात.
मी बसून राहिले.
कुणी सांगून गेलं होतं,
येईपर्यंत घर राखायचं असतं.

आले तेव्हा अंधार पडला असावा.
बादली ठेवल्याचा आवाज,
आणि जिन्यावरूनच मुलीचा,
सकाळी तिच्याकडे नव्हता असा शब्द :
खोल.
पुन्हा, खोल.
मग बुटातल्या पायाला, बादलीला, बहुधा आजोबाच्या खिशालाही, खोल.
तो कुणी दिला, किती वेळा,
वाळूत हात घालून की डोळ्यांनी खुणावून,
ह्याची नोंद माझ्याकडे नाही.
तेव्हा मी चुलीवर वाळत होते.

यंत्रानं त्याचं ते बोलणं
'बालकाला उद्देशून' ह्या रकान्यात घातलं होतं.
मी खोडलं. दुसरा रकाना शोधला.
माझ्यासाठी रकाना नव्हता.

बेर्नार्दीता म्हणाली, नियम तीन :
जाकीट अंगावर नसेल तर दिवस बाद.
तिचंही बरोबर आहे.
बाद केला.

संध्याकाळी घरी लाउतारो
जमिनीवर पालथा, झाकणांची रांग लावत होता.
मी रंग विचारले, किती आहेत विचारलं,
हे मोठं की ते मोठं,
सवयीनं, पाठ असल्यासारखं.
मग गप्प झाले. शेजारी पालथी पडले.
बऱ्याच वेळानं म्हणून पाहिलं, हं.
तिसऱ्या प्रकारचं.

त्यानं मान वर केली नाही.
जमलं नसावं.